हरभऱ्यातली रेघ

आमच्याकडे कुणी रस्ता विचारला तर आम्ही ‘वर जा’ नाहीतर ‘खाली जा’ एवढंच सांगतो. वर म्हणजे डोंगर, खाली म्हणजे खाडी. राजापूरच्या बाजूला जन्म काढलेल्या बाईला याहून जास्त दिशा लागत नाहीत. परभणी जिल्ह्यातून परत आल्यापासून वाडीतल्या बायका विचारतात, काय बघितलंस गो? मी म्हणते, सपाट बघितलं. त्या हसतात. पण ज्यांनी सपाट कधी बघितलं नाही त्यांना ते तोंडी सांगणं जमत नाही, म्हणून लिहायला बसले. शाळा सातवीत सुटली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी मी तिथे कशाला गेले ते सांगते. सुनंदामॅडम कॉलेजात भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावांचे नकाशे करायचं काम घेतलं. सरकारी नकाशा वेगळा, हा वेगळा. गावातल्या माणसांना जमवायचं, त्यांच्याच हातून जमिनीवर रांगोळीने गाव काढून घ्यायचं, मग फोन खिशात ठेवून त्या वाटांवरून चालायचं, म्हणजे फोनमध्ये आपोआप रेघ उमटते, आणि शेवटी दोन्ही जुळवून मोठ्या कागदावर उतरवायचं. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले होते. एकदा त्यांची मुलगी आजारी पडली आणि फोन घेऊन चालायला माणूस नव्हता, तेव्हा मला पाठवलं. माझी रेघ बरी आली. तेव्हापासून मॅडम मला ‘माझी सहकारी’ म्हणून ओळख करून देतात आणि दर वेळी माझे कान तापतात. त्यांचे उपकार मी कुठे ठेवू मला कळत नाही.

पोखर्णीवरून पुढे

परभणीला उतरल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे मॅडमच्या बॅगेचा बंद धरला. मला प्रवासात भीती वाटते. कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, गाडी आपल्याला टाकून गेली तर कुठे उभं राहायचं, हे सगळं डोक्यात चालू असतं. मॅडम म्हणाल्या, बंद सोड, मी पळून जात नाही. एसटीत बसल्यावर सोडला.

पोखर्णीला नृसिंहाच्या देवळापाशी गाडीतली बरीच माणसं उतरली. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की दर्शन घेऊन पुढची गाडी पकडू, म्हणून आम्हीही उतरलो. देवळाबाहेर एका म्हातारीकडे चहा घेतला. ती म्हणाली, कुठून आलात? राजापूर सांगितल्यावर तिला काही कळलं नाही. मी म्हटलं, समुद्राजवळ. तिने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं आणि विचारलं, मग रातच्याला पाणी घरात येत नाही का?

तिथून पालमपर्यंत मी खिडकीला डोकं लावून बसले. वर नाही, खाली नाही. जमीन जिथे संपते तिथे आभाळ सुरू होतं, मधे काही नाही. काळी माती, तिच्यावर ज्वारी, हरभरा, तूर, कुठे कापसाचं वेचून झालेलं रान. आमच्याकडे लाल चिऱ्याच्या गडग्यांनी प्रत्येकाचं परडं वेगळं दिसतं. इथे एका शेताचं दुसरं कधी झालं ते बाहेरच्या माणसाला कळतच नाही. मी मॅडमना विचारलं, इथे गडगे का नाहीत? त्या म्हणाल्या, धुरा असतो, नीट बघ. धुरा म्हणजे दोन शेतांमधली नांगरायची सोडलेली पट्टी. मी पालमपर्यंत बघितलं, मला एकही दिसला नाही.

शाळेच्या पटांगणात

गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल. पालमपासून फार लांब नाही, फाट्यावर एसटी थांबते.

गाव बघून मला गुदमरल्यासारखं झालं. घराला घर चिकटलेलं, भिंतीला भिंत, बोळ इतके अरुंद की समोरून म्हैस आली तर कुणाच्या तरी दारात शिरावं लागतं. आणि गाव संपलं की एकदम संपलं, पुढे नुसतं रान. आमच्याकडे एका घरातून मारलेली हाक दुसऱ्या घराला पोचली तर पोचली. मी एका बाईला विचारलं, ही कुठली वाडी? ती म्हणाली, “वाडी न्हाई बाई, गाव हाय.” मॅडमनी मला समजावून सांगितलं की माणसं कुठे आणि कशी राहतात यालाही शास्त्र आहे. आमची वस्ती विखुरलेली, कारण आमच्याकडे पाणी जागोजाग. ज्याची बाव, म्हणजे विहीर, त्याच्या दारात. इथली एकवटलेली, कारण पाणी एका जागी आणि पूर्वी भीतीही असायची. म्हणून आम्ही शेतात राहतो आणि हे लोक घरातून शेतात जातात. मी इतकी वर्षं ज्याला आपलं नशीब समजत होते त्याला नाव होतं, आणि ते पुस्तकात होतं, हे कळून मला बरं वाटलं.

गावाच्या उगवतीकडे, थोडी बाजूला, बौद्धांची वस्ती. मधे बुद्धविहार, त्यावर पंचशीलाचा झेंडा. आमचं जेवण तिथेच, लीलामावशींकडे. लीलामावशी साठीच्या असाव्यात. नवरा गेलेला, मुलगा आणि सून ऊसतोडीला. घरात त्या आणि नात सुजाता. सुजाता बारावीला, रोज सकाळच्या एसटीने पालमला कॉलेजला जाते. मावशींनी पहिल्याच जेवणाला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वर करडईचं तेल वाढलं. मला भात आणि मासे सोडून जेवण म्हणजे औषध वाटतं, पण त्या भाकरीच्या पापुद्र्यात चटणी भरून खाल्ली आणि दुसरी मागितली. मावशी म्हणाल्या, “खा. तुमच्याकडं म्हणं मासेच खाऊन पोट भरत्यात, मंग हाडं कशाची बनत्यात?” सुजाता खाली मान घालून हसत होती.

रांगोळीच्या नकाशाला मॅडमचा एक नियम आहे. तो देवळापुढेही काढायचा नाही आणि विहारापुढेही काढायचा नाही, कारण जिथे काढाल तिथलेच लोक येतात. शाळेचं पटांगण दोन्हींच्या मधे होतं. तिथे निम्मं गाव जमलं. पहिल्यांदा पुरुष सरसावले. त्यांनी डांबरी रस्ता हातभर रुंद काढला, पंचायत, देऊळ, पाण्याची टाकी, ज्याचं त्याचं शेत, सगळं ऐसपैस. वस्तीच्या जागी एकाने चिमूटभर रांगोळी टाकली, एवढासा ढीग. लीलामावशी लुगडं सावरत उठल्या, तो ढीग पायाने सारला आणि खाली बसल्या. तुरीच्या शेंगा घेऊन एकेक घर मांडलं, विहार मांडला, हापसा मांडला. बघता बघता वस्ती गावाएवढी झाली. कुणी तरी म्हणालं, मावशे, आता गाव कुठं ठेवायचं? त्या म्हणाल्या, “सरकून घ्या जरा, जागा हाय की.”

मग त्यांनी विटकरीच्या भुग्याची एक तिरपी रेघ काढली. वस्तीपासून निघून थेट फाट्यावर, एसटीच्या थांब्यापर्यंत. ती एका शेतातून जात होती. शेताचा मालक तिथेच उभा होता. उंच, पांढऱ्या मिशा, डोक्याला कानावरून बांधलेलं टापर. माधवआबा. मी त्यांच्याकडे बघितलं. तंबाखू मळत होते. मॅडमनी रांगोळीचे फोटो घेतले, आणि संध्याकाळपर्यंत कोंबड्यांनी अर्धं गाव विस्कटून टाकलं.

माधवआबांच्या रानात

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन वाटा चालायला निघाले. तिरप्या वाटेने मला सुजाता घेऊन गेली. आबांच्या रानात हरभरा होता, गुडघ्याखाली, फुलावर आलेला, आणि त्याच्या मधून पावलाएवढी उघडी पट्टी. सुजाताने सांगितलं की आबा दर वर्षी त्या पट्टीवरही पेरतात. उगवलं की लोक त्याच्यावरून चालायला लागतात आणि वाट पुन्हा पडते. ते रागावत नाहीत, लोकही थांबत नाहीत. मी म्हटलं, गावातून नाही का जाता येत? ती म्हणाली, “जाता येतं की. पण सगळ्या गावाला वळसा पडतो. मंग गाडी निघून जाती.”

आबा रानाच्या कडेलाच बसले होते. आम्हाला बघून हाक मारली, शेकोटीवर भाजलेली ज्वारीची कणसं चोळून हुरडा काढला आणि पळसाच्या पानावर घालून दिला. सोबत तिळाची चटणी. हुरडा मी पहिल्यांदा खाल्ला. गोड, कोवळा, धुराचा वास असलेला. आबांनी माझ्या फोनकडे बघून विचारलं, ह्याच्यात आमचं रान दिसतं का? मी दाखवलं, आमची रेघ निळी येत होती. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि सुजाताला म्हणाले, “तू लय वाकडी चालतीस, पोरी.”

त्या संध्याकाळी मी चार्ट रंगवायला बसले. मॅडम पंचायतीत बोलत होत्या. चिन्हं मला पाठ आहेत. गाडीरस्ता असेल तर दोन रेघा आणि मधे पिवळा रंग. सगळ्यांची पायवाट असेल तर दोन बारीक रेघा. आणि कुणाच्या खाजगी जागेतली, रुळलेली पण सार्वजनिक नसलेली वाट असेल तर एकच तुटक रेघ. मी हरभऱ्यातून दोन बारीक रेघा काढल्या. मला वेगळं काही सुचलंच नाही. आमच्याकडे पाऊलवाट कुणाच्याही खळ्यातून जाते, तुळशीला वळसा घालून, ओटीवर बसलेल्या म्हातारीला ‘काय जेवलीस गो’ विचारून. घरमालकाला ती वाट बंद करायची कल्पनाही सुचणार नाही. वाट म्हणजे वाट, ती सगळ्यांची. मी काढली आणि सकाळी पंचायतीच्या भिंतीवर चार्ट लागला. गावाच्या पुढच्या वर्षीच्या कामांचा आराखडा त्यावरून ठरणार होता, हे मला माहीत होतं. पण त्याचा आणि माझ्या दोन बारीक रेघांचा संबंध मी लावला नाही.

काट्या

चार्ट लागल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच लीलामावशी आमच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता. म्हणाल्या, “आबानं काट्या लावल्या.”

आम्ही गेलो. वाटेच्या वस्तीकडच्या तोंडाला बाभळीच्या तोडलेल्या फांद्या, काट्यांसकट, आडव्या टाकलेल्या. पलीकडे फाट्याच्या बाजूलाही तशाच. सुजाता दप्तर घेऊन तिथे उभी. एसटीचा हॉर्न ऐकू आला, मग गाडी दिसली, मग धूळ दिसली. त्या दिवशी तिची प्रात्यक्षिक परीक्षा होती.  तिने दप्तराचा पट्टा खांद्यावरून काढला आणि जवळच्या दगडावर बसली. मॅडमनी पंचायतीत कुणाची तरी मोटारसायकल बघितली आणि तिला पाठवलं.

मी तिथेच उभी राहिले. मला खाडीवरची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, आठवत होती. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा होती. हायस्कूल पलीकडच्या काठावर, आणि तरीशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं. तर चालवणारा म्हातारा गेला, त्याच्या मुलांनी ती चालवली नाही. एका पावसाळ्यात माझी शाळा संपली. कुणी माझी शाळा बंद केली नव्हती. एक वाट बंद झाली, तेवढंच. मॅडम याला अंतर म्हणतात. त्या सांगतात, अंतर फुटपट्टीने मोजू नका, पोचता येतं की नाही यावर मोजा. ते मला कधीच समजावून सांगावं लागलं नाही.

आता माझ्या रेघेने तेच झालं होतं.

मी आबांकडे एकटी गेले.  ते गोठ्यात होते. मी म्हटलं, आबा, चूक माझी आहे, मी पुसून टाकते. त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात काढला नाही. म्हणाले, “बाई, माझ्या बापाच्या काळापासून त्या वाटंनं लोक जायलेत. आमी कुणाला आडवलं न्हाई. आडवलं असतं तर आजवर तिथं काट्याच असत्या. पण तुमी रेघ मारली. रेघ मारली की ती वाट माझी न्हाई राहत, सरकारची हुती. उद्या मुरूम टाकत्याल, परवा रुंद करत्याल. मला दोन पोरं हायत. त्यांना काय वाटून देऊ, हरभरा का रस्ता?”

मी म्हटलं, मी तुटक रेघ काढते. खाजगी, असं लिहिते.

“ते करा,” ते म्हणाले. “मंग मी काट्या उचलतो.”

मला इतकं हलकं वाटलं की मी धावतच वस्तीवर गेले. लीलामावशी भाकरी थापत होत्या. मी सगळं सांगितलं. आबा काट्या काढतील, मी रेघ तुटक करते, झालं. मावशींनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

“पुसू नका,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, समजलंय. आज आबा हायत, ते जाऊ देत्यात. उद्या त्यांची पोरं. ती काय करत्याल ते त्यांनाच ठावं. आन सुजातामागं आणखी पोरी हायत वस्तीत. मग आवाज जरा खाली करून म्हणाल्या, तुमचं चुकलं न्हाई बाई. तुमी वाट जशी दिसली तशी काढली.

मी बाहेर येऊन विहाराच्या पायरीवर बसले. एकीकडे रेघ ठेवली तर काट्या राहतात. पुसली तर काट्या जातात, पण वाट मेहरबानीची राहते. आणि दोन्ही माझ्या हातातल्या पेनावर होतं, आणि मला तर सातवीपुढे कुणी पेन दिला नव्हता. मॅडम आल्या तेव्हा मी म्हटलं, मला घरी जायचं आहे. त्या म्हणाल्या, जाऊ, पण आधी त्यांना एका कागदासमोर बसवू. नकाशा आपला नाही, त्यांचा आहे. भांडायचं तेही त्यांनीच.

धुरा

बसले ते पंचायतीत नाही, आबांच्या रानात. मॅडमनी चार्ट आणून हरभऱ्याच्या कडेला पसरला आणि चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. आबा, त्यांचे धाकटे भाऊ दिगंबर, ज्यांचं रान आबांच्या रानाला लागून आहे, लीलामावशी, वस्तीतल्या आणखी दोघी आणि मी. सुजाता परीक्षा देऊन परत आली होती, ती उभी राहिली.

सुरुवातीला सगळे चार्टकडेच बघत होते. मग आबा म्हणाले, “लीला, तूच सांग. तुला कंदी आडवलं का? जात बगून कंदी काय बोललो?”

“न्हाई,” मावशी म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू. पण आबा, रोज वाटंला लागताना आमी आदी तुमच्याकडं बगतो. तुमी हायत का, कशे हायत, मान हलीवली का. मंग पाऊल टाकतो. माझ्या सासूनं बगितलं, मी बगितलं, आता ही बगती.” त्यांनी सुजाताकडे हात केला. “तिनं आता बगू नये असं वाटतं मला.”

 मला वाटलं आबा उठून जाणार. मग त्यांनी चार्टवरच्या तिरप्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही माझ्या रानाला मधून कापती. नांगर फिरवताना दोन तुकडे पडत्यात. ही न्हाई जमायची.

मावशी म्हणाल्या, ही नको. आमी धुऱ्यानं जातो. वळसा पडला तरी चालंल.

दिगंबर मोठ्याने हसले. “धुरा? धुरा राहिलाय कुठं? दादानं सगळा कोरून खाल्ला.”

“आन तू? तू काय उपास धरलाय?”

मी बघितलं, आणि पालमच्या एसटीतून मला धुरा का दिसला नव्हता ते कळलं. दोन्ही भावांनी दर नांगरटीला एकेक तास, म्हणजे नांगराची एक चर, धुऱ्यात सरकवत नेला होता. धुरा म्हणून जे उरलं होतं ते हातभर गवत. आमच्याकडचा गडगा चिऱ्याचा असतो, तो नांगराने खाता येत नाही. मॅडम एकदम म्हणाल्या, सरकारी मोजणीच्या जुन्या नकाशात धुरा केवढा आहे ते आपल्याकडे आहे. दोघांनी जेवढं घेतलं तेवढं परत सोडलंत तर एका माणसाला चालता येईल. कुणाचं शेत कापलं जाणार नाही.

दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. गेल्या दिवाळीपासून त्यांच्यात बोलणं नाही, असं मला मावशींनी नंतर सांगितलं. आबा म्हणाले, “ह्यानं एक तास सोडला तर मी एक सोडतो.” दिगंबर म्हणाले, “आदी तू.” आबा म्हणाले, “संगंच.”

मी हळूच म्हटलं, मग वाट चालून बघावी लागेल, म्हणजे फोनमध्ये रेघ येईल. मी चालते.

“तुमी कामून?” आबा म्हणाले आणि हात पुढे केला. “इकडं द्या.”

मी फोन चालू करून दिला. त्यांनी तो बंडीच्या खिशात घातला आणि धुऱ्यावरून चालायला लागले. दिगंबर त्यांच्या बाजूने, आपल्या रानातून. आबा एक पाऊल जरा तिकडे टाकत, तर दिगंबर म्हणत, माझ्याकडं कलू नको. मग आबा इकडे सरकत आणि स्वतःच्या हरभऱ्याला जपत पुन्हा तिकडे. म्हातारे दोन भाऊ हातभर गवतावरून एकमेकांना टोकत फाट्यापर्यंत गेले आणि बोलत बोलत परत आले. मागे वस्तीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. फोन हातात घेतला तेव्हा रेघ सापासारखी नागमोडी आली होती. आबांनी ती बघितली. म्हणाले, मी बी वाकडाच चालतो की.

चार्ट पुन्हा काढायला मी तिथेच बसले. नवा कागद, खाली पाटी. वस्ती काढली, विहार काढला, फाटा काढला. धुऱ्याच्या रेघेपाशी आले तेव्हा आबा वाकले.

“हे आता पेन्सिलीनं काढा,” ते म्हणाले. “पेरणी झाली की बगू. नीट झालं तर मंग शाईनं.”

मी पेन्सिल उचलली. खरं सांगते, मला तेच बरं वाटलं होतं. पेन्सिल म्हणजे कुणाला दुखवायचं नाही.

“पेन्सिलीनं न्हाई, आबा,” लीलामावशी म्हणाल्या. “आजवर पेन्सिलीचीच हुती.”

 दिगंबर गवताची काडी चावत होते. आबांनी टापर सोडलं, पुन्हा डोक्याला बांधलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “शाईनं काढा, बाई. दोन रेघा.”

मी काढल्या. खालची पाटी ढेकळांवर डुगडुगत होती, म्हणून त्या रेघाही आबांच्या चालीसारख्याच आल्या. मॅडम म्हणाल्या, राहू दे, बरोबर आहे. त्याच संध्याकाळी जुना चार्ट काढून हा पंचायतीच्या भिंतीवर लावला.

सकाळची एसटी

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. थंडी होती, आणि रानावर दव पडलेलं. फाट्यावर आम्ही लवकर पोचलो, कारण गाडी चुकेल म्हणून मी मॅडमना चहाही नीट घेऊ दिला नव्हता. जुन्या तिरप्या वाटेवर बाभळीच्या काट्या तशाच होत्या. त्या आबांनी उचलल्या नव्हत्या. उचलणारही नव्हते, ती वाट आता संपली होती. मला जरा वाईट वाटलं. इतक्या पायांनी पाडलेली ती वाट पुढच्या पेरणीत हरभऱ्याखाली जाणार होती.

एसटी आली, तरी सुजाता नाही. मी पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, चढा की, मावशी. मी म्हटलं, एक पोरगी येतेय. तो म्हणाला, दिसत तर न्हाई. मी म्हटलं, वळसा पडतो तिला. मागच्या एका बाईने आवाज दिला, कुणाची पोरगी हाय म्हनं, कलेक्टरची हाय का? गाडीतली माणसं हसली आणि मी पायरीवरून हलले नाही. मी आयुष्यात कुठल्याही गाडीला थांबवून ठेवलं नव्हतं.

मग ती दिसली. धुऱ्याच्या कोपऱ्यावरून वळली आणि पळत आली, दप्तर पाठीवर आपटत. रानात आबा उभे होते, पाण्याचा पाट वळवत. ती त्यांच्या बाजूने गेली. तिने बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं की गाडीकडेच लक्ष होतं, ते मला सांगता येणार नाही. आबांनी मात्र मान वर करून तिला शेवटपर्यंत बघितलं.

ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि धापा टाकत सलवारीचे काठ पिळायला लागली. गुडघ्यापर्यंत ओले. हरभऱ्यावरच्या दवाला आंबट पाणी सुटतं, त्याला आंब म्हणतात. अंगाला लागलं की चुणचुणतं. धुरा अजून हातभरच होता, दोन्ही बाजूंचा हरभरा तिच्या पायांना घासून गेला होता.

मी रुमाल दिला. म्हटलं, चुणचुणतं का?

“चुणचुणतं की,” ती म्हणाली. “नांगरटीनंतर दोघं तास सोडतेत का न्हाई, बगू.”

“आणि नाही सोडला तर?”

तिने रुमाल पिळला, घडी घालून मला परत दिला आणि दप्तरातून वही काढली.

“मंग आजीला सांगत बसणार न्हाई,” ती म्हणाली. “पंचायतीच्या भिंतीवर लावलंय ना. मीच जाऊन वाचून दाखविते आबाला.”